‘कुठी मरते’ लिहिणाऱ्या कापगते मॅडम

आमच्या इकडच्या सॉफ्टवेअरवाल्या पोरापोरींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लिंक सारखी फिरत असते. ‘खूप उपयोगी, सेव्ह करून ठेवा’ असं लिहून कोणीतरी ती टाकतो आणि खाली भराभर अंगठे उमटतात. उघडली की वर निळी पट्टी, कंपनीचं नाव, हाताची घडी घालून उभ्या असलेल्या एका साहेबांचा फोटो. त्याखाली कोडचे तयार तुकडे आणि सेटिंगच्या सूचना. उचला आणि चिकटवा. प्रत्येक तुकड्याखाली बारीक अक्षरात एक नाव असतं, ‘एन. कापगते’.

ते नाव वाचलं की माझं डोकं फिरतं. त्या बाईनं जे लिहिलं होतं त्यातलं अर्धं तिथं नाही. जे काढून टाकलं तेच खरं तिचं होतं. उरलेलं तर इंटरनेटवर कुठंही सापडतं.

निर्मला कापगते सौंदडच्या. मी पटले, गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमची गाठ पडली ती गोंदियात, मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर असलेल्या एका छोट्या कंपनीत. ही कंपनी राईस मिलसाठी सॉफ्टवेअर करायची. धानाची गाडी वजनकाट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरमध्ये यावं, कास्तकाराच्या नावानं पावती निघावी, गोदामात किती पोती आली, किती गेली ते कळावं, एवढं साधं काम. साधं म्हणते खरी, पण मिलमध्ये धूळ, कोंडा, उंदीर, जाणारी वीज आणि येणारा मुंशी या सगळ्यांना पुरून उरेल असा प्रोग्राम लिहिणं साधं नसतं, हे मला मॅडमनी शिकवलं. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. डिग्री हातात होती आणि काही येत नव्हतं. जे आलं ते त्या बाईच्या शिव्या खाऊन आलं, आणि त्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

दिसायला बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा आणि उन्हाळ्यातही अंगात राखाडी स्वेटर, कारण ऑफिसातल्या एसीवर त्यांचा विश्वास नव्हता. सौंदडहून गाडीनं यायच्या. गाडी उशिरा आली की तो राग त्या दिवसाच्या पहिल्या चुकीवर निघायचा. डब्यात भात आणि लाखोरीची डाळ. जेवताना कोणी काम विचारलं की घास तोंडात ठेवूनच हातानं ‘चालता हो’ अशी खूण. ‘थँक्यू’ हा शब्द त्यांना चालत नसे. कोणी म्हणालं की म्हणायच्या, “त्यानं का होते? जे समजलं थे लिहून टाक.”

हे लिहून टाकणं म्हणजेच त्यांचा संग्रह. ऑफिसच्या आतल्या साइटवर एक साधं पांढरं पान होतं. वर्षानुवर्षं त्यांनी त्यात कामाचे तुकडे साठवले होते. अमुक अडचण आली तर या चार ओळी वापरा, तमुक मशीन बिघडलं तर ही सेटिंग बदला. असे संग्रह जगात हजारो आहेत. पण मॅडमच्या पानावर प्रत्येक तुकड्याखाली एक ओळ असायचीच. तिची सुरुवात ठरलेली, ‘कुठी मरते’. म्हणजे हा तुकडा कुठं चालत नाही, कुठं लावला तर घात करतो. ही ओळ नसेल तर तुकडा पानावर चढत नसे. मालकांनी दिला तरी नाही.

माझ्या पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहानं एक तुकडा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. एक्सेलच्या फायलीतल्या तारखा सरळ करणारा कोड होता. इंटरनेटवरून उचलला होता, चालवून पाहिला होता.

“चाललं मॅडम,” मी म्हणाले.

“कुठी मरते?”

“मरत नाही मॅडम. मी दोनदा चालवून पाहिलं.”

“मरत नाई म्हणजे तुले मरताना दिसलं नाई. इकडं ये, पटले.”

ऑफिसच्या कोपऱ्यात एक भंगार कॉम्प्युटर ठेवला होता. त्याला त्या ‘बिगाडखाना’ म्हणायच्या. नवा तुकडा आधी तिथं न्यायचा आणि जाणूनबुजून बिघडवायचा. तारखेच्या जागी मी काय काय घातलं! रिकामं घातलं, ‘कालची’ घातलं, महिना आधी दिवस नंतर घातलं. शेवटी मिलचा हिशेब लिहिणाऱ्या एका मुंशीनं भरलेली खरी फाईल त्यांनी मला दिली. त्यात तारखेच्या रकान्यात ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ असं लिहिलेलं होतं. माझा कोड आडवा झाला.

“मेला?” मागून आवाज आला.

“मेला मॅडम.”

“मंग लिव आता. रडून काऊन रायली? मेल्याबिगर कसं समजन कुठी मरते थे?”

ही सवय त्यांच्या घरातली होती. सौंदडला बिजाई, म्हणजे धानाचं बियाणं, मागायला कोणी आलं की त्यांचे बाबा नुसतं पोतं उचलून देत नसत. आधी विचारत, बांधी, म्हणजे धानाचं खाचर, कुठली, माती कशी, पाणी कुठपर्यंत पुरतं. मग सांगत, हा भारी धान आहे, उशिरा निघतो, तुझ्या उंचावरच्या बांधीत मरेल, नेऊ नको. एवढं सांगूनही माणूस हट्टानं नेणार असेल तर देत, पण शेजाऱ्याला हाक मारून त्याच्यादेखत पुन्हा एकदा सांगत आणि मगच देत. मॅडम म्हणायच्या, “बिजाई देणारा जर हे सांगत नसन, तं तो दाता नाई, चोर आहे. दुसऱ्याचं साल खाते तो.”

त्यांच्या ओळी त्यांच्या बोलीतच असायच्या. काही अजून मला पाठ आहेत. काट्याची वायर ज्या पोर्टला लागते त्याचा नंबर पक्का करण्याची एक सेटिंग होती. तिच्याखाली, ‘कुठी मरते: मुंशीजी त्याच कॉम्प्युटरले मोबाईल चार्जिंगले लावते त्या दिवशी. त्याईले आधी चार्जर घेऊन द्या.’ पावतीवर मराठी नावं छापण्याच्या सेटिंगखाली, ‘कुठी मरते: ठोक्याच्या जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर. नावाच्या जागी चौकोन येते. मंग साऱ्या गावाचा सप्पा धान चौकोनाच्या नावानं जमा होते.’ आम्ही हसायचो. पण मिलमध्ये काम करताना चौकोन दिसले की हसू आठवायचं आणि हात योग्य जागी जायचा.

आणि हा संग्रह नुसता ऑफिसपुरता नव्हता. सौंदडपासून गोंदियापर्यंत जिथं जिथं कोणी दुकानाचा, ट्रान्सपोर्टचा, शाळेचा छोटा प्रोग्राम करत होतं, त्याच्याकडं मॅडमचा नंबर होता. सडक अर्जुनीला हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातला मुलगा नेहमी फोन करायचा. एकदा त्यानं सर्व्हरचा पासवर्ड कोडमध्येच लिहून तो कोड ग्रुपवर टाकला. मॅडमचा आवाज खालच्या मिठाईच्या दुकानापर्यंत गेला.

“घराले कुलूप लावून चाबी दाराले टांगून ठेवतस काय रे? आन् वरून गावभर सांगतस, या रे बाप्पा, चाबी इथी हाये?”

तो मुलगा फोन ठेवू लागला तर त्याच्यावर आणखी ओरडल्या, “फोन ठेवू नोको! आता बदलू आपण पासवर्ड. बस तिथी.” आणि डबा तसाच झाकून ठेवून त्याला एकेक पायरी सांगत राहिल्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, “आता हे कुठी मरते थे लिहून पाठव. नाई पाठवलं तं पुढच्या बारीले फोन उचलत नाई.” त्यानं पाठवलं. पानावर ती ओळ चढली तेव्हा तिच्या शेवटी लिहिलं होतं, ‘सडक अर्जुनीच्या पोराचा अनुभव’. अशी कितीतरी माणसं त्या पानावर होती. ‘गोरेगावच्या पतसंस्थेत मेला’, ‘पटलेनं मारून पाहिला’. माझं नाव तिथं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला डिग्रीच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद झाला होता.

मग मालकांचे जावई आले.

मालकांना सगळे भैया म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण मोठ्या शहरातून आलेल्या कुठल्याही वस्तूपुढे त्यांची मान झुकायची, आणि जावई तर पुण्याच्या मोठ्या कंपनीतून आले होते. जावयांना आम्ही आदित्य सर म्हणायचो. त्यांनी मॅडमचं पान पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले. यावर एक चॅटबॉट बसवू, प्रश्न विचारला की तो तुकडा काढून देईल, कंपनीच्या नावानं बाहेर काढू, कॉलेजांत वाटू, नाव होईल. त्यात चूक काही नव्हती. मॅडमही म्हणाल्या, वाटा की, वाटण्यासाठीच तं आहे.

“फक्त थोडं क्लीन करावं लागेल,” आदित्य सर मीटिंगमध्ये म्हणाले. “हे ‘कुठी मरते’ वगैरे. एक तर ही भाषा आपण क्लायंटला दाखवू शकत नाही. आणि प्रत्येक टिपखाली ती कुठं फेल होते हे लिहिलं, तर वापरणार कोण? फार निगेटिव्ह वाटतं.”

“ज्यानं वापरू नये तो नाई वापरणार,” मॅडम म्हणाल्या. “त्याच्यासाठीच लिवलं आहे.”

“मॅडम, लोकांना उत्तर पाहिजे. लफडं नको.”

“भैया, तुमी सांगा,” मॅडम मालकांकडं वळल्या. “विजेच्या डब्यावरची खोपडी खरवडून तिथी गुलाबाचं फूल काढून रायले हे. चालन काय?”

भैया कसनुसं हसले. “मैडम, करने दो ना बच्चे को. नया ज़माना है. आपका नाम तो रहेगा ना.”

मी म्हणाले, निदान त्या ओळी वेगळ्या पानावर ठेवा, शुद्ध मराठीत मी करून देते. आदित्य सरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “आप ट्रेनी हैं ना?” एवढंच विचारलं.

त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. ‘कुठी मरते’ हे शब्द दिसले की तिथून पुढचं सगळं कापायचं. चहा निवायच्या आत काम झालं. सडक अर्जुनीचा मुलगा गेला, गोरेगावची पतसंस्था गेली, मुंशीचा मोबाईल गेला, मी गेले. मॅडमचं नाव मात्र राहिलं, कारण ते वेगळ्या रकान्यात होतं आणि तो रकाना कापायचं त्या प्रोग्रामला कोणी सांगितलं नव्हतं. एवढाच काय तो मान. आणि वर, निळ्या पट्टीवर, जावयांचा फोटो चढला.

मॅडमनी नोकरी सोडली नाही. जुनं पान अजून जागेवर होतं, आम्ही तेच वापरायचो, आणि त्यांना वाटलं असेल, हे फॅड आपोआप उतरेल. पण नव्या येणाऱ्या पोरांना जुनं पान माहीतच नव्हतं. त्यांना चॅटबॉट दिला होता.

दिवाळीनंतर धानाचा हंगाम भरात असताना गोंदियाजवळच्या एका जुन्या मिलमधून तक्रार आली, कॉम्प्युटर भरला, पुढं चालत नाही. रोशन शेंडे नावाचा नवा इंजिनिअर तिथं एकटा पाठवला गेला. त्यानं चॅटबॉटला विचारलं, डिस्क भरली आहे, काय करू? चॅटबॉटनं मॅडमचा तुकडा दिला. एका फोल्डरमधल्या महिन्यापेक्षा जुन्या सगळ्या फायली पुसून जागा मोकळी करायचा. रोशननं लावला. जागा मोकळी झाली. सगळे खूश.

त्या मिलचा काटा जुना होता. नवे काटे आपली वजनं वेगळीकडं ठेवतात, हा काटा प्रत्येक गाडीच्या वजनाची फाईल त्याच फोल्डरमध्ये टाकायचा. हंगामाच्या सुरुवातीच्या सगळ्या गाड्यांची वजनं गेली. बॅकअप होता, पण तो याच फोल्डरची नक्कल करायचा. फोल्डरमध्ये जे नव्हतं ते त्यानंही पुसून टाकलं.

मॅडमच्या पानावर त्या तुकड्याखाली काय होतं ते मी इथं जसंच्या तसं लिहिते: ‘कुठी मरते: जुन्या काट्यावर. जुना काटा आपल्या नोंदी याच फोल्डरात टाकते. लावलं तं सप्पा जाईन. आधी फोल्डर उघडून डोळ्यानं पाहा. पाहाले वेळ नसन तं लावू नोका.’

रोशनला ही ओळ दिसली असती तर त्यानं फोल्डर उघडला असता. तो काही मूर्ख नव्हता. त्याला अर्धवट बिजाई दिली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलच्या सेठजींना फोन लावून आदित्य सरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. त्यांनी आपल्या टूलचा स्क्रीन उघडला आणि फोनवर म्हणाले, “सर, कोड किसका है वो हमारे सिस्टम में साफ दिखता है. एन. कापगते. सीनियर हैं, गलती हो गई. हम ॲक्शन ले रहे हैं.”

मॅडम समोरच बसल्या होत्या. मला वाटलं, आता टेबल उलटेल. त्या ओरडल्या नाहीत. मी त्यांना कधी एवढ्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

“पुरं दाखवा.”

“पूर्णच आहे हे, मॅडम.”

त्यांनी पर्स उचलली. “पटले, लॅपटॉप घे,” म्हणाल्या आणि जिना उतरल्या. खाली ऑटो केला. मी लॅपटॉप छातीशी धरून बसले होते आणि रागानं माझे दात दातांवर दाबले जात होते.

मिलच्या फाटकाशी ट्रॅक्टर उभे होते. वजन पुन्हा जुळवायचं म्हणून कास्तकारांना पावत्या घेऊन बोलावलं होतं. कोणाची पावती होती, कोणाची धुण्यात गेली होती. एक म्हातारी लुगड्याच्या गाठीतून कागदाचा गोळा काढून मुंशीला दाखवत होती आणि मुंशी तो उलगडायलाही घाबरत होता. “माह्या धानाचं वजन तुमच्या मशीनले मालूम नाई, तं कोणाले मालूम राहीन?” ती विचारत होती.

सेठजी काट्याच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. मॅडमना पाहताच उठले.

“मैडम, आपने तो मेरी इज़्ज़त निकाल दी. आज तक मेरी तौल पे किसी ने उँगली नहीं उठाई.”

“सेठजी, कोड मेरा है,” मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, “पटले, आपलं पान उघड. आन् थे त्याईचं पान बाजूले.” मी दोन्ही उघडली. “ये उनका. ये मेरा. दोनों पढ़ो.”

सेठजींनी चष्मा काढून पुसला आणि मॅडमच्या पानावरची ओळ मोठ्यानं वाचली, अडखळत, हिंदीच्या वळणानं. “‘आधी फोल्डर उघडून डोळ्यानं पाहा. पाहाले वेळ नसन तं लावू नोका.’” वाचून झालं तसं त्यांनी दुसरं पान पाहिलं. “इसमें तो ये है ही नहीं. किसने काटा?”

“ऊपर जिसका फोटो है, उसने.”

“पर काटा क्यों?”

“बोले, ऐसी मराठी क्लायंट को दिखा नहीं सकते. तुमाले समजली काय?”

“जनम से हमालों के बीच बैठा हूँ, मैडम. समझेगी नहीं?” सेठजींनी लॅपटॉप मुंशीकडं वळवला. “मुंशीजी, आपको समझा?” मुंशीनं मान हलवली. खोलीत कोंड्याची धूळ तरंगत होती. माझ्या आयुष्यात मला एवढं बरं फार कमी वेळा वाटलं आहे.

ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं नाही.

ऑफिसात परत आल्यावर मॅडमनी भैयांपुढं दोन गोष्टी मागितल्या. ओळी परत घाला. आणि त्या कोणी काढल्या ते तुमच्या तोंडानं सेठजींना सांगा. बस. नुकसान, माफी, काही नाही. भैया जावयाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, “मैडम, घर की बात आप बाहर लेकर गईं. ये ठीक नहीं किया.”

“घर की बात? तिथी म्हातारी उभी आहे, तिचा धान कुठी गेला इचारून रायली, ते कोणाच्या घरची गोष्ट आहे?”

त्यांना त्याच दिवशी काढलं. लॅपटॉप ठेवून घेतला, अकाउंट बंद केलं. आणि निव्वळ सूड म्हणून कंपनीनं जुनं पांढरं पानही पुसून टाकलं. इतक्या वर्षांची मेहनत, दहा गावांच्या माणसांचे अनुभव, कोणीतरी एका बटणावर बोट ठेवलं आणि गेलं. कसायालाही जनावर कापताना त्याच्याकडं पाहावं लागतं.

मी जिन्यात विचारलं, “मॅडम, घरी कॉपी असेलच ना?”

“ऑफिसचं सामान मी घरी नेत नाई.”

तेव्हा मला त्यांचाही राग आला. खरं सांगते, फार आला. ज्या लोकांनी त्यांना चोरासारखं बाहेर काढलं त्यांच्या बाबतीतसुद्धा त्यांनी एवढं सरळ का राहावं? पण त्या तशाच होत्या. खाली उतरताना पायरीवर पडलेला मिठाईचा रिकामा खोका त्यांनी उचलून दुकानदाराच्या टोपलीत टाकला आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागल्या.

त्यानंतर त्यांनी कंपनीला सारखा एकच निरोप पाठवला. फोन करून, लोकांकडून, माझ्याकडूनही. ओळी परत घाला, नाहीतर माझं नाव काढा. दोन्ही झालं नाही. नाव काढणं कंपनीला परवडणारं नव्हतं, कारण जिल्ह्यात त्या नावाला किंमत होती. पोरं एकमेकांना सांगायची, ‘कापगते मॅडमचं आहे, डोळे मिटून लाव.’ ज्या बाईनं जन्मभर डोळे उघडून पाहा म्हणून घसा फोडला, तिच्याच नावावर आता पोरं डोळे मिटत होती. मॅडमना नोकरी गेल्याचं दुःख नव्हतं. सौंदडला बसून त्या दुकानांची कामं करत होत्या, पोटापुरतं मिळत होतं. हे मात्र त्यांना सोसत नव्हतं. “माह्या नावानं विष वाटून रायले,” एकदा फोनवर म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गोंदियातल्या एका कॉलेजात. कंपनीनं तिथं आपल्या टूलचा मोठा कार्यक्रम ठेवला होता. मी अजून त्याच कंपनीत होते, घर चालवायचं होतं. मला दारापाशी टेबलावर फायली वाटायला बसवलं होतं. सभागृह भरलेलं. आदित्य सर स्टेजवर, मागच्या पडद्यावर त्यांचाच फोटो. ते म्हणत होते, या जिल्ह्याच्या मातीतलं ज्ञान आम्ही जगासमोर आणतो आहोत.

मागच्या रांगेत राखाडी स्वेटर उभा राहिला.

“मी निर्मला कापगते. यातल्या नावाची.”

आदित्य सर लगेच हसले. तयारीचा माणूस. “वॉव! मित्रांनो, आपल्या टूलच्या प्रेरणास्थान! जोरदार टाळ्या!” पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

“टाळ्या बंद!” मॅडम कडाडल्या. मिलच्या इंजिनांवरून बोलायची सवय असलेला आवाज होता तो. टाळ्या खरंच थांबल्या. “थो डिस्क साफ करायचा तुकडा उघडा. त्याच्या खाली का होतं थे सांगा पोट्ट्याईले.”

“मॅडम, प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ.”

“शेवट होऊन गेला बाप्पा. एका मिलचा धान गेला. आता कोणाचा जाऊ द्याचा?”

शिपाई त्यांच्याकडं जाऊ लागला. त्यांनी पोरांकडं तोंड केलं. “ज्याच्या ज्याच्या मोबाईलात हे आहे, त्यानं बाहेर या. एकेकाखाली एकेक ओळ होती. त्याईनं कापली. मले याद आहे तेवढ्या देतो.” शिपायानं दंडाला हात लावला. “हात नोको लावू. पायानं आली, पायानं जाईन.”

दार बंद झालं. आदित्य सर काहीतरी विनोद करून पुढं गेले. पोरं हसली. मी टेबलावरच्या फायलींकडं पाहिलं, चकचकीत, निळ्या, आणि मला त्या हातात धरवेनात. मी उठले आणि बाहेर गेले.

सायकल स्टँडच्या पत्र्याखाली मॅडम उभ्या होत्या. समोर तीन-चार पोरं आणि एक मुलगी, मोबाईल उघडून. सभागृहात पाचशे असतील. आणखी दोघं मागून आले, पण त्यांच्या हातात समोशाचे खोके होते, तेवढ्यासाठीच ते बाहेर आले असावेत. उन्हानं पत्रा तापला होता. मॅडमच्या कपाळावरून घाम चष्म्यावर उतरत होता, आणि त्या सांगत होत्या. हा प्रिंटरवर मरते. हा दोन मशीनी एकाच वेळी लावल्या तं मरते. हा कुठी मरते मले अजून सापडलं नाई, म्हणून लिही, सापडलं नाई.

मुलीनं टाईप करता करता मान वर केली. “मॅडम, हे शुद्ध मराठीत लिहू काय?”

“तुले समजलं काय?”

“हव.”

“मंग तुह्या मैत्रिणीलेबी समजन. लिव.”

आतून पुन्हा टाळ्या आल्या. एका पोरानं वळून दाराकडं पाहिलं, घुटमळला, आणि मोबाईल खिशात टाकून आत गेला. दारात शिपाई आणि त्याच्यामागं आदित्य सर येऊन उभे राहिले. शिपायानं हाक मारली, “ओ मॅडम, फाटकाबाहेर जावं लागते तुमाले.”

मॅडमनी तिकडं पाहिलंही नाही. फाटकाच्या दिशेनं त्या चालू लागल्या, आणि उरलेली पोरं मोबाईल हातात धरून त्यांच्यासोबत चालू लागली, रस्ता न पाहता, एकमेकांच्या पायांत अडखळत.

“पुढचा कोणता?” त्या चालता चालता ओरडल्या. “वाच!”